सिमेंटची गोणी आणि निराधारचा पगार

पवनी, लाखनी किंवा साकोलीच्या तहसील कार्यालयात दुपारी बाराच्या सुमारास जाऊन बघा. व्हरांड्यात भिंतीला टेकून म्हाताऱ्या बाया बसलेल्या असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बँकेचं पासबुक, आधार कार्डाची झेरॉक्स आणि तलाठ्याच्या अहवालावर मिळालेला उत्पन्नाचा दाखला. आतले साहेब जेवायला गेलेले. बाहेर एकच प्रश्न फिरत असतो: ‘माहा निराधारचा पगार काहून नाही आला?’

सरकारी कागदावर त्याला ‘अनुदान’ म्हणतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात ‘पगार’ म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो. पगार मागताना मान खाली घालावी लागत नाही.

हा पगार कुणी सुरू केला, असं या रांगेत विचारलं तर उत्तर येतं, ‘संजय गांधीनं.’ योजनेचं नावच तसं आहे: संजय गांधी निराधार अनुदान योजना. प्रत्यक्षात संजय गांधी २३ जून १९८० रोजी विमान अपघातात गेले होते आणि योजना आली त्यानंतर. ती आणणारा माणूस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, कोकणातल्या आंबेत गावचा. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. त्यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द अवघी १९ महिन्यांची, आणि ती संपली सिमेंटच्या गोण्यांपायी.

निराधारचा पगार आणि सिमेंटचा घोटाळा, दोन्ही एकाच माणसाचे, एकाच काळातले. चांगल्या माणसाचं पुढे काय बिघडलं, असा प्रश्न आपण एरवी विचारतो. अंतुल्यांच्या बाबतीत तो लागूच पडत नाही. त्यांचं देणं आणि घेणं शेजारी शेजारी चाललं होतं, आणि दोन्हीकडे सही एकाच हाताची होती. ती सही कशी चालायची, हे कळलं की त्या काळातलं बरंच काही कळतं.

अंतुले १९६२ पासून श्रीवर्धनचे आमदार, पुढे राज्यात मंत्री, १९७६ मध्ये राज्यसभेत. १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातली बडी मंडळी इंदिरा गांधींना सोडून गेली. अंतुले राहिले. १९८० च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि ९ जूनला हे बॅरिस्टर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि आजपर्यंतचे एकमेव.

त्यांच्या मागे काय होतं? साखर कारखाने नाहीत, जिल्हा बँका नाहीत, मोठ्या जातीचं पाठबळ नाही. महाराष्ट्रात सत्ता ज्या दगडी पायावर उभी राहते त्यातला एकही दगड त्यांच्या मालकीचा नव्हता. होती ती दिल्लीची मर्जी आणि स्वतःची सही. माझ्या मते त्यांचा सगळा लोकानुनय इथून सुरू होतो. मधल्या पुढाऱ्यांना ओलांडून थेट माणसाच्या दारात जायचं, आणि तेही लवकर, कारण दिल्लीची मर्जी किती दिवस टिकेल याचा नेम नाही.

आणि काय तो वेग! शेतकऱ्यांना कर्जमाफी. निराधारांना महिन्याचे पैसे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन नवे जिल्हे. कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा. फाईल वर जाते, खाली येते, वित्त विभागात अडकते, ही मंत्रालयाची सवय. अंतुले आधी जाहीर करायचे आणि नियम मागून धावत यायचे. लोकांना ते आवडलं, आणि का आवडू नये? ज्या विधवेने जन्मात कधी सरकारकडून रुपया पाहिला नव्हता, तिला वित्त विभागाच्या शेऱ्याशी काय देणंघेणं?

आता सिमेंट. इथे जरा थांबावं लागेल, कारण आज हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाहिजे तितक्या गोण्या टेम्पोत टाकणाऱ्याला ही गोष्ट खरी वाटणार नाही.

त्या काळी सिमेंट विकत मिळत नव्हतं. म्हणजे पैसे असले तरी मिळत नव्हतं. भाव सरकार ठरवायचं, कुणाला किती द्यायचं तेही सरकार ठरवायचं. घर बांधायचं, विहिरीला कठडा घालायचा, नुसता ओटा करायचा, तरी अर्ज करावा लागे आणि परमिट हातात पडल्यावर मोजक्या गोण्या मिळत. गावाकडच्या माणसाचं त्यावाचून फारसं अडत नव्हतं. आमच्याकडची घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची. पण ‘सिमिटचं घर’ हा शब्द तेव्हा श्रीमंतीचं माप म्हणून वापरला जायचा, त्यामागे हे परमिट होतं. गंमत म्हणजे आमच्या शेजारचा चंद्रपूर जिल्हा चुनखडीवर बसलेला. घुग्घुसला सिमेंटचा कारखाना तेव्हाही चालू होता. कारखाना शेजारच्या जिल्ह्यात आणि गोणी परमिटवर!

आता हिशोब बघा. आकडे मी समजण्यापुरते घेतोय. समजा, गोणीचा सरकारी भाव ३० रुपये आहे आणि काळ्या बाजारात तीच गोणी ७० ला जाते. मधले ४० रुपये कुणाचे? कारखान्याचे नाहीत, त्याला ३० च मिळणार. दुकानदाराचे नाहीत. ते ४० रुपये ज्याच्या हातात परमिट येतं त्याचे. आणि परमिट कुणाच्या हातात द्यायचं हे ज्याच्या सहीवर ठरतं, त्याच्या पेनाच्या टोकाशी प्रत्येक गोणीमागे ४० रुपये लोंबकळत असतात. त्याने एक विटकर रचली नाही, पोतं उचललं नाही, भट्टी पेटवली नाही. कायद्याने भाव खाली दाबला, आणि तेवढ्यानेच हवेतून पैसा तयार झाला.

अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये एका गाजलेल्या निबंधात भारतातल्या परवान्यांच्या मागे असा किती पैसा दडलाय याचा अंदाज बांधला होता. १९६४ सालासाठी त्यांचा आकडा आला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के. देशाने शंभर रुपये कमावले तर त्यातले सात रुपये नुसते सहीच्या अवतीभवती घुटमळणारे. मला तर हे वाचून पहिल्यांदा चक्करच आली होती.

मुंबईत त्या वेळी टोलेजंग इमारती उठत होत्या. बिल्डरला सिमेंट हवं होतं, आणि काळ्या बाजारातून आणलं तरी त्याचा खर्च चुकत नव्हता. मग तोच खर्च दुसरीकडे वळवला तर?

ऑक्टोबर १९८० मध्ये ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा ट्रस्ट उभा राहिला. उद्देश मोठा गोड: साहित्यिकांना, कलावंतांना मदत करायची. अंतुल्यांचे आणखीही ट्रस्ट होते, पण नाव गाजलं ते याचं. बिल्डरांनी या ट्रस्टला देणग्या दिल्या. बिल्डरांना सिमेंट मिळालं. साखर कारखान्यांच्या देणग्याही या गोष्टीत आल्या.

आणि या देणग्या चेकने दिलेल्या होत्या! लाच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॅग येते, अंधारी गल्ली येते. इथे बँकेतून पैसे आले, पावती फाडली गेली, पावतीवर तारीख पडली. दुसरीकडे सिमेंट वाटपाच्या फाईलवरही तारीख पडली. दोन कागद शेजारी ठेवायचे आणि तारखा वाचायच्या, बस्स. चोराने स्वतःच आपली रोजनिशी लिहून ठेवावी, तसं. पण मला असं वाटत नाही की अंतुल्यांना हे कळत नव्हतं. ते कायदा शिकलेले. त्यांना बहुधा हे चुकीचं वाटतच नव्हतं. पैसा आपल्या खिशात नाही, ट्रस्टमध्ये, ट्रस्ट कलावंतांसाठी, नाव इंदिराजींचं. योजनेला संजय गांधींचं नाव, ट्रस्टला इंदिरा गांधींचं. मोठं नाव लावलं की खालचा हिशोब कुणी विचारत नाही, असा त्या काळचा अनुभव होता. आजचाही फार वेगळा नाही.

हिशोब विचारला गेला तो ३१ ऑगस्ट १९८१ ला. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये या देणग्यांवर पत्रकार अरुण शौरींचा लेख आला आणि विधिमंडळापासून संसदेपर्यंत गदारोळ उडाला. पण लेखाने सरकार हलतं, मुख्यमंत्री हलतातच असं नाही. हलवलं कोर्टाने. जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतर उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: सिमेंट ही टंचाईची वस्तू, ती नियमाने वाटा, देणगी बघून वाटली जात असेल तर तो नागरिकांच्या हक्कावर घाला आहे. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. देणगी आणि सिमेंट यांचा परस्परसंबंध आहे, असं त्यांनी म्हटलं. अंतुल्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या चौकशीला बसले. महाराष्ट्रातल्या राज्यकर्त्यांना या एका न्यायाधीशाने दोनदा घाम फोडला.)

त्यानंतर सात आठवडेही गेले नाहीत, तर २८ फेब्रुवारी १९८२ ला केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. कारखान्यांना आपल्या मालाचा काही हिस्सा खुल्या बाजारात, मिळेल त्या भावाने विकायची मुभा मिळाली. १९८९ मध्ये उरलेलं नियंत्रणही गेलं. निकालामुळे नियंत्रण उठलं असं मी म्हणत नाही. त्याची चर्चा आधीपासून चालू होती. पण परिणाम बघा. ज्या पेनाच्या टोकाशी ते ४० रुपये लोंबकळत होते, त्या पेनात आता नुसती शाई उरली. आज कुठल्याही मुख्यमंत्र्याने ठरवलं तरी सिमेंटच्या गोणीपायी त्याची खुर्ची जाणार नाही. माणूस सुधारला म्हणून नव्हे, गोणी दुकानात मिळायला लागली म्हणून.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. खरी नवलाची कहाणी इथून पुढे आहे, कोर्टात.

मुंबईतले भाजपचे कार्यकर्ते रामदास नायक यांनी अंतुल्यांवर फौजदारी खटला भरायचं ठरवलं. ते पोलिस नव्हते, सरकार नव्हते; एक साधे नागरिक म्हणून तक्रारदार. पहिला प्रश्न तिथेच उभा राहिला: भ्रष्टाचाराची फिर्याद कुणीही उठून करू शकतो का? फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, हो. गुन्हा समाजाविरुद्ध असतो, कायद्याचं चाक कुणीही फिरवू शकतो. आज एखादा साधा नागरिक सरपंचाविरुद्ध कागद गोळा करून थेट कोर्टात जातो, तेव्हा त्याच्या पायाखाली ही फरशी असते.

दुसरा प्रश्न आणखी तिरपा. ‘लोकसेवकावर’ खटला भरायला सरकारची परवानगी लागते. अंतुले मुख्यमंत्री उरले नव्हते, पण आमदार होते. आमदार लोकसेवक आहे का? खालच्या विशेष न्यायाधीशांनी हो म्हटलं आणि त्या मुद्द्यावर अंतुल्यांना सोडून दिलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या कलमाच्या अर्थाने आमदार लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा गैरवापर केला ते पद सुटलं असेल, तर परवानगीची गरजच नाही. त्याच दमात कोर्टाने खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला आणि रोजच्या रोज चालवा म्हणून सांगितलं.

उच्च न्यायालयात ५७ साक्षीदार तपासले गेले. काही आरोप निश्चित झाले, काही वगळले गेले. नायक पुन्हा दिल्लीला गेले, १९८६ मध्ये वगळलेले आरोपही घ्यायला लावले, खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेला, आणि आरोपांची संख्या ७९ वर पोचली. तोवर अंतुल्यांनी बॅरिस्टरचा हुकमी पत्ता काढला. ते म्हणाले, कायदा सांगतो की असा खटला फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाला दिला कशाच्या आधारे? आणि त्यात माझा अपिलाचा एक हक्क बुडाला त्याचं काय?

२९ एप्रिल १९८८. सात न्यायाधीशांचं पीठ. पाच विरुद्ध दोन असा निकाल: अंतुल्यांचं म्हणणं बरोबर, १९८४ चा आमचाच आदेश चूक. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला पडता कामा नये, म्हणून आम्ही आमची चूक दुरुस्त करतो. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीसमोर ‘आम्ही चुकलो’ म्हणावं, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या ५७ साक्षींचं सगळं मुसळ केरात गेलं.

मग अंतुले म्हणाले, इतकी वर्षं झाली, आता खटलाच रद्द करा. १० डिसेंबर १९९१ रोजी न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण जाता जाता सांगितलं की खटला लवकर चालणं हा घटनेच्या २१ व्या कलमातला प्रत्येक आरोपीचा हक्क आहे, आणि तो कसा तपासायचा याची सूत्रंही घालून दिली. म्हणजे आता काय झालं बघा. वर्षानुवर्षं तारखाच पडत असलेल्या एखाद्या कच्च्या कैद्याचा वकील देशातल्या कुठल्याही कोर्टात, अगदी आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातही, उभा राहून पहिलं नाव घेऊ शकतो ते अंतुल्यांचं. भाताच्या पोत्याच्या चोरीत अडकलेला साकोलीचा पोरगा आणि सिमेंटच्या गोण्यांत अडकलेला मुख्यमंत्री, दोघांची ढाल एक.

अंतुल्यांना या प्रकरणात शिक्षा कधीच झाली नाही. ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय पहिल्यांदा स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले मंत्री झाले, आणि २ डिसेंबर २०१४ ला वारले. रामदास नायकांची १९९४ मध्ये मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली होती.

असा माणूस जगात एकटा नाही. अमेरिकेत लुईझियाना राज्यात १९२८ ला ह्यूई लाँग नावाचा गव्हर्नर निवडून आला. शाळेच्या पोरांना फुकट पुस्तकं, चिखलाच्या जागी पक्के रस्ते, नद्यांवर पूल. गोरगरीब त्याच्यावर जीव टाकायचे. आणि राज्याच्या नोकरांच्या पगारातून कापलेला हिस्सा त्याच्या एका पेटीत जमा व्हायचा. १९३५ मध्ये त्याला गोळी लागली, तो गेला, आणि ती पेटी आजतागायत कुणाला सापडलेली नाही. बडे लोक आपल्याला पैसा देणार नाहीत, मग आपली वेगळी पेटी हवी, हे गणित लाँगचं आणि अंतुल्यांचं सारखंच. एकाची पेटी छुपी होती, दुसऱ्याची धर्मादाय.

आता परत आमच्या जिल्ह्यात. सात न्यायाधीशांनी तो निकाल दिला त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २२ एप्रिल १९८८ ला, पवनीजवळ वैनगंगेवर राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. प्रकल्पाला नाव मिळालं इंदिरासागर. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणाला ३३ दरवाजे, पाणीही अडलं, पण डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचं काँक्रीट निकृष्ट निघालं, चौकशी समित्या बसल्या, अभियंत्यांवर आणि कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले. सिमेंट तोवर मोकळं झालेलं होतं. आता सहीची गरज गोणीला उरली नव्हती. ती निविदेला, वाढीव दराला, सुधारित प्रशासकीय मान्यतेला लागत होती. पवनीच्या आठवडी बाजारात या विषयावर कुणी आवाज चढवत नाही. ज्यांची गावं पाण्याखाली गेली ते मोबदल्याच्या फाईलबद्दल बोलतात, बाकीचे धानाच्या भावाबद्दल.

निराधारच्या पगारातही सही आहेच. तालुक्याला एक समिती असते, तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे कुठल्या तरी पक्षाचा माणूस, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला. अर्ज मंजूर झाला की गावात निरोप येतो, ‘तुझं काम भाऊंनी केलं.’ पैसे सरकारचे, हक्क बाईचा, काम मात्र भाऊंचं! अलीकडे रक्कम थेट खात्यात जमा होते, त्यामुळे भाऊंचं वजन थोडं घटलंय, पण यादीत नाव घालायचं तर तोच दरवाजा.

वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला अजूनही लागतो. २०२३ मध्ये महिन्याची रक्कम १५०० रुपये झाली. पवनीच्या त्या व्हरांड्यात बसलेली बाई अर्जाच्या शेवटी शाई लावून अंगठा उमटवते. तिच्या हातातल्या अर्जाच्या माथ्यावर संजय गांधींचं नाव छापलेलं असतं. अंतुल्यांचं नाव त्यावर कुठेच नाही.